नाव, पलटण आणि तारीख : महायुद्धांत पडलेल्या जवानांची नोंद शोधून देणाऱ्या सेवेचे परीक्षण

पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या समाध्या व स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशन या संस्थेने आपल्या नोंदी संकेतस्थळावर सर्वांसाठी विनामूल्य खुल्या केल्या आहेत. हे परीक्षण मुख्यतः त्या शोधसेवेचे आणि काही प्रमाणात पुण्यातील खडकी येथे या संस्थेने राखलेल्या युद्धस्मशानभूमीचे आहे. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग या भागांत अशी घरे पुष्कळ आहेत, जेथे आजोबांचा किंवा पणजोबांचा एखादा भाऊ विशीतच भरती झाला, बोटीने लढाईवर गेला आणि पुढे तार आली, एवढेच पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. तो कोणत्या मुलखात पडला, कोणत्या तारखेला पडला, त्याला अग्नी मिळाला की नाही, त्याचे नाव कोठे लिहिलेले आहे की नाही, हे घरातील कोणालाच सांगता येत नाही. अशा घरांसाठी ही सेवा अतिशय मोलाची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र मराठी माणसाने ती वापरताना काही गोष्टी आधी समजून घेतल्या नाहीत, तर नोंद असूनही सापडत नाही आणि "आपल्या माणसाचे नावच नाही" असा चुकीचा निष्कर्ष काढून लोक गप्प बसतात. म्हणून हे जरा विस्ताराने लिहीत आहे.

अशा सेवेची पारख करायची असेल तर ज्याची माहिती अन्य मार्गांनी पक्की आहे, असे नाव घ्यावे. मी नाईक (लष्करातील एक कनिष्ठ हुद्दा) यशवंत घाडगे यांचे नाव घेतले. त्यांचा जन्म 16 नोव्हेंबर 1921 रोजी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधून ते इटलीच्या आघाडीवर गेले. 1944 च्या उन्हाळ्यात रोम पडल्यानंतर जर्मन सैन्य उत्तरेकडे हटत होते, आणि हटताना प्रत्येक टेकडी, प्रत्येक नदीकाठ अडवून धरत होते. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मोन्तोने या गावाच्या परिसरात, 10 जुलै रोजी मराठ्यांच्या एका कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर हल्ला चढवला.

त्या दिवशी काय घडले ते त्यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या, म्हणजे ब्रिटिशांच्या सर्वोच्च युद्धशौर्यपदकाच्या, शौर्यपत्रात नोंदलेले आहे. घाडगे यांच्या हाताखालची रायफल तुकडी अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडली आणि त्यांच्याखेरीज तुकडीतले सारे जवान ठार झाले किंवा जखमी होऊन पडले. सोबतीला कोणीही उरलेले नाही, हे पक्के ठाऊक असताना ते एकटे त्या मशीनगनवर धावून गेले. आधी त्यांनी हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा असे दोन्ही निकामी केले, मग टॉमीगनने आणखी एकाला टिपले. एवढ्यात गोळ्या संपल्या. नवे मॅगझिन चढवायला सवड नव्हती, तेव्हा त्यांनी तीच बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने मारून संपवले. ठाणे हाती आले, पण शत्रूच्या लपलेल्या नेमबाजांनी त्यांच्या छातीत आणि पाठीत गोळ्या घातल्या आणि एकट्याने जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांना मरण आले. वयाची तेवीस वर्षेही पुरी झालेली नव्हती. 2 नोव्हेंबर 1944 च्या राजपत्रात त्यांचा व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीला हा सन्मान दोनदा मिळाला. दुसरे मानकरी नामदेव जाधव 1945 च्या एप्रिलमध्ये इटलीतच सेनियो नदीवर लढले आणि सुदैवाने जिवंत परत आले.

आता संकेतस्थळावरची नोंद पाहू. नाव, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख, वय 22, शौर्यपदक आणि स्मारकाचे ठिकाण, असे तिचे स्वरूप आहे. स्मारकाच्या रकान्यात कॅसिनो मेमोरियल, इटली असे लिहिलेले असते. याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ही संस्था ज्याची समाधी ज्ञात आहे त्याचे नाव समाधीच्या शिळेवर कोरते, आणि ज्याची समाधी ज्ञात नाही त्याचे नाव स्मारकाच्या भिंतीवर कोरते. म्हणजे माणगावच्या या तरुणाचा देह कोठे ठेवला गेला, हे निश्चित सांगणारी समाधी नाही. ते जेथे पडले तेथून पुष्कळ दक्षिणेला, रोमच्या खाली, मोन्ते कॅसिनोच्या पायथ्याशी असलेल्या युद्धस्मशानभूमीत, इटलीच्या मोहिमेत मरण पावलेल्या आणि समाधी नसलेल्या चार हजारांहून अधिक सैनिकांच्या यादीत त्यांचे नाव आहे. इटलीत हिंदुस्थानी सैनिकांसाठी वेगळी दहनस्मारकेही आहेत, कारण ज्यांना धर्माप्रमाणे अग्नी दिला गेला त्यांची समाधी असण्याचा प्रश्नच नव्हता. नोंदीत "मेमोरियल" असा शब्द दिसला की बरेच जण ती थडग्याची जागा समजतात आणि तेथे गेल्यावर समाधीशिळांच्या रांगांत नाव शोधत फिरतात. तसे करू नये. नोंदीतच फलकाचा क्रमांक दिलेला असतो, आणि नाव त्या फलकावर पलटणीच्या व हुद्द्याच्या क्रमाने सापडते.

आता अडचणीच्या जागेकडे येतो, कारण खरे परीक्षण तेथेच आहे. शोधाच्या पानावर आडनावाचा एक चौकोन आणि पहिल्या नावाचा दुसरा चौकोन आहे. आपण सवयीने आडनावाच्या चौकोनात "घाडगे" आणि पहिल्या नावाच्या चौकोनात "यशवंत" लिहितो. परंतु हिंदुस्थानी सैनिकांच्या नोंदींत बहुतेक वेळा संपूर्ण नाव एकसलग आडनावाच्याच रकान्यात घातलेले आहे, आणि पहिल्या नावाचा रकाना मोकळा आहे. लष्करातले कारकून नावे टिपून घेत, तेव्हा आडनाव आणि नाव वेगळे पाडण्याची इंग्रजी पद्धत शीख, गढवाली, पठाण, मद्रासी, मराठा अशा सर्वांच्या नावांना सारखी लागू पडत नव्हती, म्हणून नाव जसे कानावर आले तसे एकत्र लिहिले गेले आणि पुढे तसेच संगणकात उतरले. त्यामुळे पहिल्या नावाचा चौकोन मोकळा सोडावा आणि आडनावाच्या चौकोनात आधी पाळण्यातले नाव, नंतर आडनाव, असे लिहून पाहावे. तेवढ्याने काम झाले नाही तर नुसते पहिले नाव लिहावे आणि बाकीच्या खुणांनी यादी आवळत आणावी.

या बाकीच्या खुणांत सर्वांत उपयोगी खूण म्हणजे पलटण. येथे शब्दाचे जुने स्पेलिंग वापरावे लागते. दुसऱ्या महायुद्धातील आपल्या रेजिमेंटचे नाव तेव्हा "मऱ्हाटा" असे, एच मध्ये घालून आणि टी दोनदा लिहून, लिहिले जाई, आणि नोंदी त्याच नावाखाली आहेत. पहिल्या महायुद्धासाठी तर आकड्यांची माहिती हवी, कारण तेव्हा एकच एक रेजिमेंट नव्हती. 103, 105, 110, 114, 116 आणि 117 अशा क्रमांकांच्या मराठा पलटणी वेगवेगळ्या होत्या, आणि 1917 मध्ये उभी राहिलेली 111 वी महार पलटणही होती. शिवाय मराठी मुलूखातला प्रत्येक जवान मराठा पलटणीतच होता असे नाही. खडकीच्या बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलात, खेचरांच्या तांड्यांत, दवाखान्यांच्या तुकड्यांत, मजुरांच्या पथकांत आणि बोटींवर गेलेली माणसे कमी नव्हती. कोकणातल्या ज्या घरांत "बोटीवर होता, बोट बुडाली" असे सांगतात, त्यांनी व्यापारी जहाजांवरील खलाशांच्या नोंदी पाहाव्यात. त्या खलाशांची नावे मुंबईत मशीद बंदर भागातील इंडियन सेलर्स होममधील स्मारकाशी जोडलेली आहेत, आणि मुंबईकरांना त्याची फारशी माहिती नसते याचे वाईट वाटते.

दुसरी खूण म्हणजे जिल्हा. सविस्तर शोधात "अधिक माहिती" असा एक चौकोन आहे आणि त्यात बापाचे नाव, बायकोचे नाव, गाव, तालुका, जिल्हा यांपैकी जे काही नोंदीत असेल ते शोधता येते. प्रत्येक नोंदीत हा मजकूर असतोच असे नाही, परंतु जेथे आहे तेथे तो पाहून मन भरून येते, कारण एखाद्या परक्या देशातल्या फलकावरच्या नावापुढे अचानक आपल्या शेजारचे गाव दिसते. येथेही जुनी नावे आणि जुने स्पेलिंग चालवावे. रायगड नव्हे, कुलाबा, कारण जिल्ह्याचे नाव 1981 मध्ये बदलले. पुण्याचे आणि मुंबईचे ब्रिटिशकालीन स्पेलिंग वापरावे. गावाचे नाव तर कानाला जसे ऐकू आले तसे लिहिलेले असते, म्हणून पूर्ण गावाऐवजी जिल्ह्यावर भर द्यावा. आडनावांचेही तसेच आहे. पवार आणि पोवार, शिंदे आणि सिंदे, जाधव आणि जाधो, सावंतमधला व्ही की डब्ल्यू, या सर्व शक्यता धीराने तपासाव्यात. निघालेली यादी तक्त्याच्या स्वरूपात उतरवून घेण्याची सोय आहे, ती अवश्य वापरावी. गावातल्या एखाद्या शिक्षकाने किंवा माजी सैनिकाने आपल्या तालुक्याची यादी काढून ग्रामपंचायतीला दिली, तर एका बैठकीत अनेक घरांचे काम होईल.

हे इतके बारकाईने सांगण्याचे कारण असे, की जवानाचे नाव मिळणे आणि न मिळणे यांत फार मोठे अंतर आहे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे मिलिटरी या गावाची गोष्ट महाराष्ट्रात पुष्कळांना ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जवान कामी आले आणि ब्रिटिश सरकारने गावात त्यांचे स्मारक उभारले. कोकणात आणि देशावर इतर अनेक गावांतही संगमरवरी पाट्या बसवल्या गेल्या. या गावातून इतके जण महायुद्धाला गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असा मजकूर त्यांवर असतो. ज्या पाटीवर केवळ आकडा आहे तीसमोर उभे राहिल्यावर त्या आकड्यातला आपला कोणता, हे कोणालाही सांगता येत नाही. सगळ्या गावाने त्यांना हार घालायचा, पण एकाही घराला आपला मुलगा तेथे दिसत नाही.

या संस्थेची मूळ प्रतिज्ञा नेमकी याच्या उलट आहे. 1917 च्या मे महिन्यात राजाच्या सनदेने, फेबियन वेअर यांच्या प्रयत्नातून, ती इम्पीरियल वॉर ग्रेव्ज कमिशन या नावाने स्थापन झाली, आणि 1960 मध्ये तिचे नाव बदलले. प्रत्येक मृताचे नाव समाधीवर किंवा स्मारकावर असावे, समाधीशिळा सर्वांच्या सारख्या असाव्यात, आणि हुद्दा, वंश किंवा धर्म यांवरून भेद करू नये, ही तिची तत्त्वे. आज सुमारे 17 लाख मृतांची नोंद तिच्याकडे आहे, तिचे काम दीडशेहून अधिक देश व प्रदेशांत चालते, आणि तिच्या सहा सदस्य सरकारांत भारत सरकारही आहे. हे आपण विसरता कामा नये. ही सेवा परक्यांनी आपल्यावर केलेली मेहेरबानी नव्हे, तिच्यात आपलाही वाटा आहे आणि म्हणून तिच्याकडून अपेक्षा ठेवण्याचा आपल्याला हक्क आहे.

हे तत्त्व सर्वत्र पाळले गेले नाही, हेही स्पष्टपणे लिहिले पाहिजे. युरोपात पाळले गेले. फ्रान्समध्ये नव्ह शापेल येथे 1927 मध्ये हिंदुस्थानी सैन्याचे जे देखणे स्मारक उभारले गेले, त्यावर 4,700 हून अधिक नावे आहेत आणि त्यांत साध्या शिपायाचेही नाव आहे. मात्र मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, बसरा येथील स्मारकावर वेगळा न्याय लावला गेला. 40 हजारांहून अधिक मृतांच्या त्या स्मारकावर ब्रिटिशांची व हिंदुस्थानी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, आणि हिंदुस्थानी जवानांचे पलटणीमागे केवळ आकडे घातले गेले. मराठी घरांना हे फार जवळून लागते. कारण मेसोपोटेमियातीलच कुत या गावी 1915 च्या डिसेंबरपासून 1916 च्या एप्रिलअखेरपर्यंत जी फौज तुर्कांच्या वेढ्यात सापडली ती सहावी पूना डिव्हिजन होती आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. उपासमारीने, रोगराईने आणि पुढे कैदेत किती जण गेले! त्या जवानांची नावे दगडावर नव्हती, ती नोंदवहीत होती. आज संगणकाच्या शोधामुळे तीच नावे प्रथमच सामान्य माणसाच्या हाती येत आहेत, आणि माझ्या दृष्टीने या सेवेचे सर्वांत मोठे काम हेच आहे.

संस्थेने हा दोष दडवलेला नाही. 2021 च्या एप्रिलमध्ये तिने नेमलेल्या विशेष समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. पहिल्या महायुद्धातील 45 हजार ते 54 हजार मृतांचे, ज्यांत हिंदुस्थानी आणि आफ्रिकी सैनिक मुख्यतः होते, स्मरण इतरांच्या बरोबरीने केले गेले नाही, आणि किमान 1 लाख 16 हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृतांची नावे मुळीच नोंदली गेली नाहीत, असे त्यात म्हटले आहे. संस्थेने माफी मागितली आणि ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनीही संसदेत खेद व्यक्त केला. शंभर वर्षांनी आलेल्या माफीने बसऱ्याच्या भिंतीवर नावे उमटत नाहीत, हे खरे आहे. तरीही आपल्या स्थापनेच्या तत्त्वाला आपणच कसे चुकलो, हे आकड्यांनिशी लिहून काढणारी संस्था मला विश्वासार्ह वाटते, आणि तिच्या नोंदीवर मी अधिक भरवसा ठेवतो.

खडकीची युद्धस्मशानभूमी पाहण्यासाठी पुणेकरांनी एक सकाळ काढावी. पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणी विखुरलेल्या, जेथे कायमची देखभाल शक्य नव्हती अशा ठिकाणच्या दुसऱ्या महायुद्धातील समाध्या येथे एकत्र आणल्या गेल्या, आणि अशा 1,668 समाध्या येथे आहेत. पहिल्या महायुद्धातील अठराशेहून अधिक सैनिकांचे स्मारकही येथेच आहे. त्यांत मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून 1962 मध्ये येथे आणलेल्या 629 सैनिकांचा समावेश आहे. हिरवळ नीट कापलेली, शिळांच्या रांगा सरळ, फुलझाडे निगुतीने राखलेली, आणि नावांची नोंदवही वाचण्यासाठी ठेवलेली, अशी तेथील व्यवस्था आहे. आपल्याकडील अनेक सार्वजनिक स्मारकांची अवस्था ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या निगराणीची किंमत वेगळी सांगायला नको.

तेथे गेल्यावर घाई करू नये. एकेक शिळा वाचत जावे. वर पलटणीचे चिन्ह, खाली सेवाक्रमांक, हुद्दा, नाव, तारीख, वय, आणि काही शिळांवर अगदी तळाशी घरच्यांनी निवडलेली एखादी ओळ असते. पहिल्या महायुद्धानंतर या ओळीसाठी कुटुंबांना 66 अक्षरांची मर्यादा होती. विशीतल्या मुलाबद्दल आईवडिलांनी त्या मर्यादेत काय लिहायचे? कोणी देवाचे वचन घातले आहे, कोणी आईवडिलांचे नाव घातले आहे, कोणी नुसते घरातले लाडके नाव घातले आहे. ज्यांनी ती ओळ लिहिली त्यांतले बहुतेक जण खडकीला कधी पोहोचले नसणार. इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या त्या घरांत आणि पळसगावच्या घरात या बाबतीत काडीचाही फरक नव्हता, दोघांचीही मुले परमुलखात राहिली. मराठी माणसाला खडकीत आपली नावे फारशी सापडणार नाहीत, कारण आपल्या जवानांना बहुतेक अग्नी दिला गेला आणि त्यांची नावे परदेशातल्या स्मारकांवर किंवा दिल्ली-कराचीच्या नोंदवह्यांत गेली. परंतु आपला माणूस इटलीत किंवा इराकमध्ये कसा राखला जात असेल, याची कल्पना येण्यासाठी खडकीचे आवार पाहणे उपयोगी आहे. परदेशात जाणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी आपल्या जवानाच्या तारखेला तेथे जाऊन दोन फुले वाहिली तरी ते अस्थानी होणार नाही.

इटलीतील लोकांनीही आपल्या जवानांना विसरलेले नाही, हे येथे आवर्जून नोंदवतो. 2023 च्या जुलैमध्ये मोन्तोने येथे त्या गावच्या प्रशासनाने आणि इटालियन लष्करी इतिहासकारांनी यशवंत घाडगे यांच्या नावे सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, या अर्थाचे लॅटिन वचन त्याचे बोधवाक्य आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे. म्हणजे एका तरुणाची आठवण आज तीन ठिकाणी उभी आहे, जन्मगावाच्या तालुक्यात, मृत्यूच्या जागी आणि कॅसिनोच्या भिंतीवर. त्यांच्याच तुकडीत त्या दिवशी पडलेल्या इतर जवानांना मात्र पुतळा नाही आणि पदकही नाही. 10 जुलै 1944 ही तारीख आणि तीच बटालियन शोधात घातली, की त्या दिवशी त्यांच्यासोबत पडलेल्या सहकाऱ्यांची नावे पाहता येतात. ती नावे कोणीतरी मोठ्याने वाचावीत, असे मला फार वाटते. तारखेवरून शोधण्याची ही सोय या सेवेतली सर्वांत सुंदर सोय आहे.

काही मर्यादा थोडक्यात सांगतो. ही सेवा केवळ दोन महायुद्धांपुरती आहे. पहिल्यासाठी 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 आणि दुसऱ्यासाठी 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947 अशा तारखा धरलेल्या आहेत. 1948 चे काश्मीर, 1962, 1965, 1971 किंवा कारगिल येथे पडलेल्या जवानाचे नाव येथे मिळणार नाही. त्यासाठी दिल्लीत 25 फेब्रुवारी 2019 रोजी खुले झालेले राष्ट्रीय युद्धस्मारक आहे. तेथील त्याग चक्राच्या भिंतींवर प्रत्येक हुतात्म्याचे नाव वेगळ्या ग्रॅनाइटच्या विटेवर आहे, आणि नाव कोणत्या भिंतीवर आहे ते शोधण्याची सोय तेथेही केलेली आहे. महायुद्धांच्या नोंदींत जवानाचे छायाचित्र नसते, ही दुसरी मर्यादा. मात्र 2023 पासून संस्थेने कुटुंबांना आपल्या माणसाची हकीकत आणि छायाचित्र जोडता येईल असे एक वेगळे दालन उघडले आहे. तेथे मराठी घरांच्या हकीकती जाव्यात, ही माझी कळकळीची विनंती आहे. देवघराच्या भिंतीवरचा तो पिवळा पडलेला फोटो, पेन्शनचे कागद, पदकाची डबी, यांची छायाचित्रे काढून ठेवायला आता उशीर करू नये. ज्यांनी त्या जवानाला पाहिले होते ती पिढी जवळजवळ संपली आहे.

भाषेची अडचण मात्र खरी आणि मोठी आहे. हिंदुस्थानी सैनिकांची इतकी नावे असलेल्या नोंदवहीत देवनागरीत किंवा गुरुमुखीत नाव लिहून शोधता यायला हवे होते. ज्या आजीला आपल्या सासऱ्याच्या भावाचे नाव ठाऊक आहे, तिला त्या नावाचे 1916 मधल्या कारकुनाने केलेले इंग्रजी स्पेलिंग कसे ठाऊक असणार? आज संगणकाला हे काम अवघड राहिलेले नाही. संस्थेने ते करावे, आणि भारत सरकारने सदस्य या नात्याने तशी मागणी करावी. तोपर्यंत घरातल्या शिकलेल्या मुलामुलींनी मोठ्यांच्या शेजारी बसून हे काम करावे.

नोंदीत चूक आढळली, तर ती सुधारून घेण्याची वाट आहे. कुटुंबाने पुरावा जोडून कळवले तर संस्था तपासणी करून दुरुस्ती करते, आणि नाव मुळातच सुटलेले असेल तर तेही विचारात घेते. पुरावा म्हणजे सरकारी कागद लागतो, तोंडी माहिती पुरत नाही. जुनी पेन्शन बुके, तारेची प्रत, पदकाच्या कडेवर कोरलेला सेवाक्रमांक, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातली नोंद, यांपैकी जे हाती असेल ते जपून ठेवावे. यांत सेवाक्रमांक सर्वांत महत्त्वाचा आहे. एकाच पलटणीत एकाच नावाचे दोन-तीन जवान असणे आपल्याकडे नवलाचे नाही, आणि अशा वेळी आपला कोणता हे तो क्रमांकच ठरवतो. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर क्रमांक, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. कडेवर भिंग धरून ती आधी वाचून घ्यावी आणि मगच शोधाला बसावे.